मुलाचे वजन आणि आईचा खाडा

उसाचा हंगाम आटोपून टोळ्या चैत्र-वैशाखात बीड, जालना, परभणीच्या गावांकडे परततात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूप लावलेली दारे उघडतात, आणि पाच-सहा महिने केवळ पटावर राहिलेली लहान मुले अंगणवाडीत पुन्हा काट्यावर चढतात. जाताना सहा महिन्यांचे असलेले मूल आता वर्षाचे झालेले असते. एवढ्या काळात त्याचे वजन साधारण दीड ते पावणेदोन किलोने वाढावयास हवे. पण कितीतरी मुलांच्या तक्त्यावरची रेषा वर चढण्याऐवजी आडवी पडलेली दिसते. काहींची तर खाली उतरलेली असते. सेविका ती रेषा आईला दाखविते. आई मान खाली घालते. पुढे पर्यवेक्षिका येते, कधी वैद्यकीय अधिकारी येतो, आणि ठरलेला उपदेश सुरू होतो: बाई, मुलाला दिवसातून पाच वेळा भरवत जा, पाणी उकळून पाज, हात धुवत जा, मुलाकडे लक्ष दे.

या उपदेशातील एकही वाक्य खोटे नाही. खोटा आहे तो त्यामागचा समज. मुलाचे वजन वाढत नाही याचे कारण आईला काही ठाऊक नाही हे होय, असे शासन धरून चालते. आणि म्हणून तिला सांगितले, भित्तीपत्रके लावली, सप्टेंबरमध्ये पोषण महिना साजरा केला की कर्तव्य पुरे झाले असे मानते. वस्तुतः दोन वर्षांखालील मुलाचे वजन हा आईच्या ज्ञानाचा दाखला नव्हे. आईला दिवसातले किती तास स्वतःच्या हाती मिळाले, तिच्या अंगाला किती अन्न लागले आणि तिच्या दारात कोणते पाणी आले, या सर्वांचा तो जमाखर्च आहे. हिशेब तुटीचा निघाला की दोष वही लिहिणारीला द्यावयाचा आणि मजुरी ठरविणाऱ्याला मोकळे सोडावयाचे, अशी ही रीत आहे.

हा जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे, कारण तो अगदी साध्या अंकगणिताचा आहे. सहा महिन्यांपर्यंत मुलाला आईचे दूध पुरते. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न द्यावे लागते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज साधारण ५५० उष्मांक मिळावयास हवेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आता अडचण अशी की मुलाचे पोट लहान असते. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी मोठ्या वाटीभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर अन्न मावते. गरिबाघरी मुलासाठी जे शिजते ती पातळ पेज किंवा डाळीचे वरवरचे पाणी. त्याच्या वाटीभरात जेमतेम १२० उष्मांक असतात. म्हणजे अशी वाटी चार-पाच वेळा पोटात गेली तर हिशेब जुळेल. दोनच वेळा गेली तर निम्म्याहून अधिक तूट राहील. पेज घट्ट केली, तीत चमचाभर तेल घातले, तर चमच्यामागे ४५ उष्मांक वाढतात आणि खेपा कमी लागतात. हेही आईला सांगितले जाते, आणि तेही खरेच आहे. परंतु तेल विकत आणावे लागते. आणि मोठ्या माणसाप्रमाणे सकाळी भाकरी बांधून घेतली आणि दुपारी सोडून खाल्ली असे वर्षाचे मूल करू शकत नाही. त्याला कोणीतरी मांडीवर घेऊन, वाट पाहत, थुंकलेले पुसत, पुन्हा भरवावे लागते. एका खेपेला अर्धा तास जातो. पाच खेपांचे अडीच तास झाले. हे अडीच तास कोणाचे, आणि त्यांचे मोल कोण देणार, हा कुपोषणाच्या अर्थशास्त्रातला पहिला प्रश्न आहे. शासकीय अहवालांत मात्र त्याला जागा मिळत नाही.

फडावरच्या बाईपुढे हा प्रश्न टाकून पाहावा. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असतो. पावसाळ्यातच मुकादमाने उचल दिलेली असते. ती लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात खर्च झालेली असते, आणि हंगामभर टनावर ती फेडावयाची असते. बाई पहाटे तीन-चार वाजता कोपीत चूल पेटविते, भाकऱ्या थापते आणि उजाडायच्या आत फडावर पोहोचते. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. गाडी रात्री आली तर भरणी रात्री होते. मूल बांधावर असते. झाडाची सावली असली तर झोळीत, नसली तर गाडीखाली. आणि त्याच्याजवळ बसलेली असते त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण, जिची शाळा दिवाळीतच सुटली. भूक लागून मूल रडले की बहीण चहात बुडविलेले बिस्किट त्याच्या तोंडात घालते. चार-पाच रुपयांचा पुडा हाताशी असतो, तो शिजवावा लागत नाही आणि मूल तेवढ्यापुरते गप्प होते. त्याने पोट भरल्यासारखे होते, वजन वाढत नाही.

आईने मध्येच कोयता ठेवून मुलाला घेतले तर काय होते? मोबदला तासावर नाही, टनावर आहे. ती बसली तर जोडप्याचा टन घटतो, गाडी भरायला उशीर होतो, टोळीतील इतर कोयते खोळंबतात आणि मुकादमाची बोलणी खावी लागतात. मूल जुलाबाने आजारी पडले आणि ती दिवसभर दवाखान्यात गेली तर तो ‘खाडा’ धरला जातो. खाड्यात त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. म्हणजे या स्त्रीने आजारी मुलाजवळ बसण्याबद्दल धंदा तिच्याकडून पैसे घेतो. जगातील फार थोड्या व्यवसायांत मातृत्वावर इतका उघड कर बसविला गेला असेल. आणि ती हंगाम संपवून घरी आली की शासनाचा प्रतिनिधी तिला विचारतो, मुलाकडे लक्ष का दिले नाहीस?

कोपीजवळचे पाणी कालव्याचे किंवा शेतातल्या विहिरीचे असते. शौचाची सोय नसते. एकदा जुलाब सुरू झाले की मूल आठवड्यात जे गमावते ते भरून यायला महिना लागतो, आणि तो भरायच्या आत पुढचे जुलाब येतात. ज्यांना वाढीचा तक्ता वाचता येतो त्यांना ही गोष्ट रेषेतच दिसते: थोडी चढण, मग खाच, पुन्हा थोडी चढण, पुन्हा खाच. तक्त्यावर एका दिवशीचा ठिपका कोठे पडला याला तितकेसे महत्त्व नसते. रेषा कोणत्या दिशेने चालली आहे याला असते. काही मुले अंगकाठीनेच लहान असतात, त्यांची रेषा खालून पण चढत जाते, आणि त्यांच्या आयांना उगाच घाबरविण्याचे कारण नसते. काही मुलांच्या वजनामागे क्षय असतो, जन्मजात हृदयदोष असतो, मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. पोटभर अन्न देऊनही रेषा वळत नसेल तर डॉक्टरने ते शोधावयास हवे. परंतु शोधावयाचे तर दोन-तीनदा तालुक्याला जावे लागते, आणि प्रत्येक फेरी म्हणजे पुन्हा खाडाच.

आईचे अज्ञान मुळीच नसते असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. पहिले चिकाचे दूध पिळून टाकण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. उष्टावण लांबवत नेऊन वर्षापर्यंत नुसत्या दुधावर ठेवलेली मुले आढळतात. मेळघाटात मुलाचे पोट फुगले की तापल्या विळ्याने पोटावर डागण्या देण्याची, ‘डंबा’ देण्याची प्रथा आहे, आणि तिने मुलांचे जीव गेले आहेत. अशा ठिकाणी शिक्षणाचा उपयोग होतो. गावातल्याच शिकविलेल्या बाया काय करू शकतात हे गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेतून १९९९ सालीच जगाला दाखवून दिले. प्रश्न असा आहे की जे अज्ञान नाही त्यालाही अज्ञान का म्हटले जाते? मुलाला पुन्हा पुन्हा भरवावे लागते हे न कळणारी आई मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. तिच्या सासूलाही ते ठाऊक आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे आणि त्यापाठोपाठ मेळघाटात मुले मरू लागली, तेव्हाही अंधश्रद्धा हेच उत्तर पहिल्यांदा पुढे आले होते. रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि पावसाळ्यातली रिकामी कणगी यांचा उल्लेख नंतर, आणि तोही चळवळीने भाग पाडल्यावर झाला. अज्ञानाचे निदान राज्यकर्त्यांना सोयीचे असते, कारण त्यावरचे औषध स्वस्त आहे.

या सोयीच्या निदानाला जोड म्हणून दुसरी एक युक्ती आहे, आणि ती अधिक विद्वत्तापूर्ण आहे. आईला दोष देणे पुरेनासे झाले की काट्याला दोष द्यावयाचा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्य मोजले, ते माणशी रोजच्या २,२५० उष्मांकांची कसोटी लावून. त्यावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. माणसाची गरज दिवसादिवसाला बदलते आणि काही मर्यादेत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी समजू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ होते, आणि पिण्याचे शुद्ध पाणी व स्वच्छता यांवर त्यांनी जो भर दिला तो आजही तंतोतंत पटतो. त्यांच्या विचारातील हा अर्धा भाग सरकारने बाजूला ठेवला आणि जुळवून घेण्याचा अर्धा भाग उचलला, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु पुढे १९८० च्या सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धांतच मांडला, की गरिबाचे मूल खुजे राहते ते परिस्थितीशी सुखाने जुळवून घेऊन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा परखड समाचार घेतला. खुजेपण हे जर इतके निरोगी असेल तर ते श्रीमंतांच्या मुलांना का नको, हा त्यांच्या प्रतिवादाचा रोख होता.

वाद तेथे संपावयास हवा होता. पण २०१३ साली प्रा. अरविंद पानगढिया यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो नव्या वेषात आणला: भारतीय मुले जात्याच लहान असतात, जागतिक मापदंड त्यांना लागू करणे चूक आहे, म्हणून येथील कुपोषणाचे आकडे फुगलेले आहेत. दोन वर्षांनी ते नीती आयोगाचे उपाध्यक्ष झाले. ज्या मापदंडावर त्यांचा रोष होता तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केला आहे, आणि तो कोणा गोऱ्या मुलांवरून बेतलेला नाही. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत या सहा देशांतील मुले त्यासाठी मोजली गेली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. त्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती आणि त्यांना आईचे दूध मिळत होते. ती मुले नॉर्वेच्या मुलांच्या जवळपास तशीच वाढली. मग दक्षिण दिल्लीच्या मुलांचे आणि फडावरच्या मुलांचे रक्त निराळे आहे असे म्हणावयाचे काय? एखाद्या पिढीच्या आया आणि आज्या अर्धपोटी वाढल्या म्हणून मुले जन्मतःच लहान निपजतात आणि ती कसर एका पिढीत भरून येत नाही, हे खरे. पण तो वंशाचा गुण नसून दारिद्र्याचा वारसा आहे, आणि वारसाहक्काची चौकशी तर अर्थशास्त्रज्ञांनी अधिकच कसून करावयास हवी.

आकडे फुगलेले असोत की नसोत, ते हलत का नाहीत याचे उत्तर मापदंडाच्या टीकाकारांना द्यावेच लागेल. मोजपट्टी तीच ठेवून दोनदा मोजले तर फरक कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१५-१६ साली महाराष्ट्रात पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३६ कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ३६.१ भरले. उंचीच्या मानाने कृश मुले दोन्ही वेळी २५.६ टक्के, आणि अतिकृश मुले ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. याच काळात देशातील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण ३५.८ वरून ३२.१ वर उतरले. म्हणजे देशातील अग्रगण्य औद्योगिक राज्य, साखर सम्राटांचे आणि सहकाराचे राज्य, आपल्या मुलांच्या वजनात सरासरी देशाच्याही मागे पडले.

याच राज्यात आणि याच देशात बाळंतिणीला वेळ लागतो हे कायद्याला अगदी चांगले कळते, पण माणूस पाहून कळते. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती आली. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा घेता येते. ही रजा योग्यच आहे. ती चळवळींनी मिळविली आहे आणि तिच्यावर कोणी हात टाकू नये. पण जिच्या मुलाची रेषा आडवी झाली आहे तिला काय मिळाले? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला निदान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले. चार वर्षे ते देशभर अमलातच आले नाही. २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना निघाली ती ५,००० रुपयांची, आणि तीही पहिल्याच मुलापुरती. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० मिळू लागले. सहा महिने निव्वळ स्तनपान करा असे शासन सांगते. ५,००० रुपये १८० दिवसांवर पसरले तर दिवसाला २८ रुपयेदेखील पडत नाहीत. दुसऱ्या मुलाला, तो मुलगा असला तर, भूक लागत नाही असे बहुधा अर्थखात्याचे मत असावे.

आता अंगणवाडीकडे वळले पाहिजे, कारण सरकारचे उत्तर तेथेच येऊन थांबते. हा शब्द महाराष्ट्राने देशाला दिला. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षण गरिबांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेले त्यातून तो घडला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जी विकासवाडी उभारली, तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. पाळणाघर त्यात शोभेसाठी नव्हते. धाकटे भावंड पाळण्यात ठेवता आले तरच थोरली मुलगी शाळेत येते, हे त्या दोघी रोज पाहत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा सरकारने अंगणवाडी हे नाव घेतले आणि पाळणा मात्र कोसबाडलाच ठेवला. तीन ते सहा वर्षांची मुले काही तास अंगणवाडीत येतात, खिचडी खातात. तीन वर्षांखालच्यांसाठी, म्हणजे नेमके ज्या वयात वजन हुकते त्या वयाच्या मुलांसाठी, घरी न्यायची पाकिटे. पाकीट शिजवायचे कोणी, भरवायचे कोणी, आणि आई सूर्योदयापूर्वी गेलेली असताना ते मुलाच्या तोंडापर्यंत कसे पोहोचावयाचे, याचा विचार पाकीट बनविणाऱ्याने करावयाचा नसतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या पदरात सुकडी पडली होती. तेव्हापासून भूक दिसली की पुडके पुढे करावयाचे, ही सवय राज्याला लागली आहे.

पाकिटात धंदा असतो, पाळण्यात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्रात महिला मंडळांच्या पाट्या लावून मोठे पुरवठादारच पुढे आल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०१९ साली राज्याने काढलेल्या निविदा त्याच न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या. दुसरीकडे, २०१७ साली मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर ठरला आणि भाव चढत असता वर्षानुवर्षे तसाच राहिला. आठ रुपयांत एक अंडे जेमतेम येते.

ज्या बाईने हे सर्व सांभाळावयाचे तिला सरकार नोकर मानत नाही, मानसेवी म्हणते. काटा तिने लावावयाचा, तक्ता भरावयाचा, २०२१ पासून तोच मजकूर फोनवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये चढवावयाचा. त्या वर्षी महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते निकामी फोन सरकारच्या दारात परत नेऊन टाकले. ४ डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेला त्यांचा संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. त्या दिवसांत ‘मुले उपाशी ठेवून संप करता’ असा कांगावा ज्यांनी केला, त्यांतील कोणी आठ रुपयांबद्दल त्यापूर्वी तोंड उघडल्याचे स्मरत नाही.

आणि मूल अगदीच खंगले की त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात. आईने १४ दिवस त्याच्याबरोबर राहावयाचे. घरी दुसरी दोन मुले, शेळी, सासरा. आणि बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारी रक्कम तुटपुंजी, तीही उशिरा. चौथ्या-पाचव्या दिवशी आई मुलाला उचलून निघून जाते. नोंदवहीत शेरा पडतो: ‘मातेने सहकार्य केले नाही.’

१९९६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिसेफच्या एका लेखात विचारले होते की आफ्रिकेपेक्षा अधिक धान्य पिकविणाऱ्या दक्षिण आशियात मुले अधिक खंगलेली का? त्यांचे उत्तर मुख्यतः स्त्रीच्या स्थितीकडे बोट दाखविणारे होते. ती शेवटी जेवते, पोटुशी असतानाही ओझे वाहते, आणि तिच्या वेळेवर तिचा अधिकार नसतो. या उत्तराचे चटके केवळ सरकारला बसत नाहीत. समाजवादी चळवळीतील पुरुष कार्यकर्त्याने आपल्या घरी वर्षाच्या मुलाला किती वेळा भरविले, याची गणती केली तर ती फारशी गौरवास्पद निघणार नाही. मजुरीच्या लढ्यात मजुराला बायको असते हे लक्षात राहते, ती स्वतः मजूर आहे हे विसरले जाते. मोर्च्यात मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईचे छायाचित्र साप्ताहिकात छापले जाते. सभेच्या ठिकाणी त्या मुलाला ठेवायची सोय केल्याची बातमी छापण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

ऊसतोडीच्या मागणीपत्रात तर ही उणीव डोळ्यांत भरते. दर काही वर्षांनी साखर संघ आणि संघटना यांच्यात करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ मिळाली, तिचे स्वागतच आहे. मागण्या काय असतात? टनाचा दर, मुकादमाचे कमिशन, विमा. कोयत्यातील अर्धा हिस्सा स्त्रीचा असतो, परंतु दराचे पैसे मोजून घेताना तो पुरुषाच्या हातात पडतो, आणि मुलाचा तर करारात उल्लेखही नसतो. शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे निघाली. ती भरभरून चालावीत. पण वसतिगृहात वर्षाचे मूल ठेवता येत नाही. ते फडावरच येणार.

मग पाळणा फडाजवळ आणावयाचा यात अशक्य असे काय आहे? दिल्लीत राजघाटाच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी १९६९ साली तंबूत फिरती पाळणाघरे सुरू केली. इमारत पुढे सरकली की पाळणाघरही सरकत असे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेने जंगलातील गावांत तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘फुलवारी’ चालविल्या, गावातल्याच बायांच्या हाती सोपवून. १९४८ च्या कारखाना कायद्याने ३० हून अधिक स्त्रिया कामावर असल्या तर पाळणाघर बंधनकारक केले होते; २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाच मुले कामावर आली तर एका मजूर बाईला ती सांभाळण्याचे काम देण्याची तरतूद होती. साखर कारखाना म्हणतो, तोडणीवाले आमचे नोकर नव्हेत, मुकादमाचे आहेत. गाळपाची शंभर वर्षांची व्यवस्था या एका वाक्यावर उभी आहे. पण ऊस कोणाच्या गव्हाणीत पडतो? तोडीचा कार्यक्रम कोण लावतो? वाहनाला क्रमांक कोण देतो? टनाचा हिशेब कोणाच्या वजनकाट्यावर होतो?

प्रत्येक हंगामापूर्वी कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची बाकी थकली तर तो अडवून धरता येतो, आणि अनेकदा अडविला गेला आहे. तीच अट पाळणाघराची घालता येईल: कोप्यांच्या प्रत्येक तळावर छप्पर, शुद्ध पाण्याची टाकी, दिवसातून पाच वेळा शिजवून भरविण्याची सोय, आणि तळावरच्याच दोन बायांना त्या कामाची पूर्ण मजुरी, ती उचलीतून न कापता. आजारी मुलामुळे पडलेल्या दिवसाला खाडा धरता कामा नये, हे करारात शब्दांत लिहिले गेले पाहिजे. कार्यकर्त्यांनी दिवाळीआधी, टोळ्या निघावयाच्या आत, गावच्या अंगणवाडीतून तीन वर्षांखालील प्रत्येक मुलाचे वजन उतरवून घ्यावे. कोणते मूल कोणत्या कारखान्याच्या तळावर चालले आहे, हे त्याच कागदावर लिहावे. वैशाखात मुले परत आली की पुन्हा वजन घ्यावे. त्यानंतर तो कागद आईसमोर न ठेवता कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठेवावा, जेथे साखरेचा उतारा दशांश चिन्हाच्या पुढे दोन अंकांपर्यंत वाचून दाखविला जातो.